आवळ्याचं पान संयुक्त नाही हो

संपादक, नमस्कार.

परवा भाची प्रोजेक्टची वही घेऊन आली, त्यात कडुलिंब, बेल, चिंच अशी पानं चिकटवलेली आणि शेवटी आवळा, खाली लिहिलंय 'संयुक्त पान, पिच्छाकृती' आणि त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

संयुक्त पान, म्हणजे अनेक छोट्या पानांचं मिळून झालेलं एकच पान, कसं ओळखायचं तर कोंब बघायचा. कढीपत्त्याची काडी फांदीला जिथे चिकटते त्या बेचक्यात कोंब असतो, पण काडीवरच्या एकेका पानापाशी काहीच नसतं, म्हणजे अख्खी काडी हेच एक पान आणि फोडणीत आपण टाकतो त्या पर्णिका. आवळ्याचं उलट आहे, तिथे चिमुकल्या पानांच्या बेचक्यातच फुलं येतात आणि पर्णिकेच्या बेचक्यात फूल येत नसतं, तेव्हा ती पानं ज्या काडीवर असतात ती पानाचा देठ नाहीच, ती बारीक डहाळी आहे आणि तिच्यावरचं प्रत्येक पान साधं. फसायला होतं कारण ती डहाळी पानांसकट गळते, हुबेहूब संयुक्त पानासारखी.

शब्दांचाही असाच गोंधळ, एकाच गोष्टीला कुठे पर्णिका, कुठे दल, कुठे पर्णदल, आणि पिच्छाकृती म्हणजे काय हे कोणी सांगतच नाही. मोरपिच्छातलं पिच्छ ते हेच, पीस! टोकाला एकटी पर्णिका असली तर विषमदली, जसा कढीपत्ता, जोडीने संपलं तर समदली, जशी चिंच. गुलमोहराचं पान दोनदा विभागलेलं, शेवग्याचं तीनदा. काटेसावरीचं हाताच्या पंजासारखं म्हणून हस्ताकृती. पळसाला पाने तीनच म्हणतो आपण, पण त्या तीन पर्णिका मिळून पान एकच, बेलाचंही तसंच. आणि सप्तपर्णीची सात पानं मात्र खरंच वेगवेगळी, फांदीभोवती एका ठिकाणी फुटलेली, ती संयुक्त नाहीत, इथेही पुष्कळ लोक चुकतात.

माझी विनंती एवढीच की तुमच्या रविवारच्या मुलांच्या पानावर हे चित्रांसकट द्या, आणि शिक्षकांनी हा धडा फळ्यावर न शिकवता मुलांना झाडाखाली नेऊन शिकवावा.

आमच्या गल्लीतल्या आवळ्याला सध्या फुलं आहेत. काल भाचीला भिंग देऊन दाखवलं, तिने स्वतः मोजून पाच-सहा बेचक्यांतली फुलं बघितली आणि वहीत खोडून 'साधं पान' लिहिलं. बाईंना सांगायला घाबरतेय ती, सोमवारी मी बरोबर जाणार आहे.

आपली एक वाचक, सातारा