खातेदाराचे नाव आधी दिसू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी ३१ वर्षे लेखा विभागात नोकरी केली. दुसऱ्यांच्या बिलांतले चुकलेले आकडे शोधणे हेच माझे काम होते. तरीही ४५,००० रुपये मी स्वतःच्या हाताने एका अनोळखी माणसाच्या खात्यात पाठवले. ते कसे घडले, हे इतरांना कळावे म्हणून हे पत्र.

वहिनींच्या शस्त्रक्रियेसाठी दादांना तातडीने पैसे हवे होते. त्यांनी वहीच्या पानावर खाते क्रमांक लिहून त्याचा फोटो पाठवला. दादा लिहिताना मराठी आणि इंग्रजी आकडे मिसळतात, ही त्यांची जुनी सवय. त्यांचा मराठी चार मी इंग्रजी आठ म्हणून वाचला. ॲपने क्रमांक दोनदा भरायला लावला, तेव्हा दोन्ही वेळा मी आठच भरला. बोट घसरले तर ही दुहेरी नोंद ते पकडते. डोळ्यानेच चूक केली असेल तर तिचा काही उपयोग नाही. नावाच्या रकान्यात मात्र दादांचे पूर्ण नाव बिनचूक होते. व्यवहार यशस्वी झाल्याचा संदेश आला आणि मी निर्धास्त झाले. संध्याकाळी दादांचा फोन, "अगं, पैसे अजून आले नाहीत गं."

बँकेत गेल्यावर कळले की एनईएफटीची, म्हणजे मी वापरलेल्या बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धतीतली, रक्कम खाते क्रमांकावरच जमा होते, नाव जुळवून पाहत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बँकांना तशी मुभा दिलेली आहे आणि क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर टाकली आहे. मी भरलेला क्रमांक कुणाचाच नसता तर रक्कम आपोआप परत आली असती. पण तो एका गृहस्थांचा निघाला, आणि एकदा खात्यात जमा झालेली रक्कम त्यांच्या संमतीशिवाय बँक काढून देईना. अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज, यात ५ आठवडे गेले. तोवर मुदत ठेव मोडून दादांना दुसऱ्यांदा पैसे पाठवले. शेवटी त्या गृहस्थांनी होकार दिला. त्यांची मी मनापासून ऋणी आहे. सगळ्यांनाच असा माणूस भेटेल असे नाही.

मला सर्वांत जास्त लागली ती गोष्ट पुढेच आहे. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ रोजी परिपत्रक काढून बँकांना सांगितले होते की, आरटीजीएस (मोठ्या रकमांसाठीची तशीच पद्धत) आणि एनईएफटी करण्याआधी समोरच्या खात्यावरचे नाव ग्राहकाला पाहता आले पाहिजे, तेही विनाशुल्क, १ एप्रिल २०२५ पर्यंत. माझा व्यवहार त्यानंतरचा. म्हणजे सोय होती, पण मला ती माहीत नव्हती. ॲपमध्ये ती एका छोट्या बटणामागे होती आणि ते न दाबताही व्यवहार पुढे जात होता. सोय शाखेतही मिळायला हवी, असे परिपत्रकात आहे. माझ्या वयाच्या किती जणांना ते ठाऊक असेल?

डेबिट कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा अंक खास तपासणीसाठी असतो. मधला एखादा अंक चुकला तर संगणकाला लगेच कळते. आधार क्रमांकातही तशी व्यवस्था आहे. आपल्याकडे खाते क्रमांक मात्र प्रत्येक बँकेचे वेगळ्या लांबीचे, वेगळ्या घडणीचे. म्हणून नाव दिसणे हाच खरा आधार. यूपीआयवर आपल्याला नाव दिसते आणि आपण थांबतो, तसेच इथेही थांबता आले पाहिजे. माझी बँकांना विनंती आहे की खातेदाराचे नाव दाखवल्याशिवाय आणि ग्राहकाने ते मान्य केल्याशिवाय नवीन खात्यावर पैसे जाऊच देऊ नयेत. कधी आद्याक्षरेच दिसतील, कधी वहिनींसारख्यांच्या खात्यावर माहेरचे नाव असेल. अशा वेळी फोन करून विचारायचे, एवढेच.

मी आता हाताने लिहिलेला क्रमांक घेतच नाही. पासबुकाच्या पहिल्या पानाचा किंवा रद्द केलेल्या धनादेशाचा फोटो मागते. नवीन खात्यावर आधी १ रुपया पाठवते, फोनवर "मिळाला का?" असे विचारते आणि उरलेली रक्कम त्याच जतन केलेल्या खात्यावर पाठवते, क्रमांक पुन्हा भरत नाही. समोरच्याला घाई असली तरी तेवढी दहा मिनिटे मी मागून घेते. वहिनींची शस्त्रक्रिया त्या दिवशी पैशांसाठी अडली नाही, कारण माझ्याकडे मोडायला ठेव होती. ज्यांच्याकडे ती नसेल, त्यांच्यासाठी बँकांनी हे बटण सक्तीचे करावे.

आपली,
एक निवृत्त लेखापाल