चेंबर म्युझिक करणारे म्हणजे सोलोइस्ट न होऊ शकलेले लोक नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वेस्टर्न क्लासिकल संगीतातल्या करिअरवर लेख आला होता, तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडकले. लेखात एक शिडी सांगितली होती, सगळ्यात वर सोलोइस्ट म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवणारे, मग ऑर्केस्ट्रातले पहिल्या खुर्चीवरचे, म्हणजे आपापल्या वाद्याच्या गटाचे प्रमुख, मग बाकीचे, आणि जे यातल्या कशातच नीट बसले नाहीत ते चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांनी कंडक्टरशिवाय मिळून वाजवायचं संगीत) करतात, थोडं शिकवतात, मिळेल ते वाजवतात. हे 'मिळेल ते वाजवतात' मला फार लागलं. लेखकाचा हेतू वाईट नसणार, पण ज्या मुलामुलींनी तो लेख वाचला असेल त्यांच्या डोक्यात ही शिडी पक्की बसू नये म्हणून लिहितेय.

आधी माझा संबंध सांगते. मी वादक नाही. नोटेशन वाचता येतं आणि त्या जोरावर बरीच वर्षं कॉन्सर्टमध्ये पियानिस्टच्या डाव्या हाताला बसून पानं उलटायचं काम केलंय. व्हायोलिनवाल्याच्या पुढ्यात फक्त त्याची स्वतःची ओळ असते, पण पियानोच्या पानावर सगळ्यांच्या ओळी छापलेल्या असतात, त्यामुळे पानं भरपूर आणि दोन्ही हात कामात, म्हणून उलटायला माणूस लागतो. त्या खुर्चीवरून जे दिसतं ते पहिल्या रांगेतूनही दिसत नाही. पेन्सिलीच्या खुणा, कुठे श्वासाचा स्वल्पविराम, कुठे चष्म्याचं छोटंसं चित्र, म्हणजे इथे कागदावरून नजर काढ आणि समोरच्याकडे बघ.

एका आठवड्यात मी एकाच पियानिस्टबाईंबरोबर तीनदा बसले. सोमवारी शूबर्टची गाणी होती, गायकाचा घसा बसलेला, कार्यक्रमाला अर्धा तास असताना तो म्हणाला दोन गाणी एक स्वर खाली घेऊया का. बाईंनी मान हलवली आणि स्टेजवर जाऊन तशीच वाजवली, कागद तोच, छापलेले स्वर तेच, वाजतंय मात्र एक स्वर खाली. मला डोळ्यांनी दिसतंय एक आणि कानावर येतंय दुसरं, शेवटी पान कधी उलटायचं ते मी त्यांच्या मानेकडे बघून ठरवलं. गुरुवारी जर्मन संगीतकार ब्राम्सचं पियानो क्विंटेट, चार तंतुवाद्यांबरोबर, तिथे पियानो जरा जोरात गेला की व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) बुडतोच, आणि त्यांनी एकदाही बुडू दिला नाही. शनिवारी एक अगदी नवीन रचना, त्यात पियानोच्या पोटात हात घालून तारा छेडायच्या. तिन्ही दिवस बाई त्याच पण हात वेगळा, पेडल वेगळं, ऐकणं वेगळं. याला 'मिळेल ते' कसं म्हणायचं?

लेखातल्या शिडीवर रिचर्ड म्यूलफेल्डला कुठे ठेवणार ते मला खरंच समजून घ्यायचंय. हा माणूस १८७३ मध्ये जर्मनीतल्या मायनिंगेनच्या दरबारी ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवादक म्हणून लागला. क्लॅरिनेट तो बराचसा स्वतःच शिकला आणि १८७९ पासून त्याच ऑर्केस्ट्रात पहिला क्लॅरिनेटवादक झाला. म्हणजे शिडीच्या हिशोबात, वाद्य बदललेला, धरसोड करणारा. १८९१ मध्ये ब्राम्सने त्याला ऐकलं. ब्राम्सने तेव्हा रचना करणं जवळपास थांबवलं होतं, आता पुरे असं त्याने ठरवलं होतं, आणि या एका वादकामुळे तो परत टेबलाशी बसला. त्याच वर्षी क्लॅरिनेट ट्रायो (तिघांसाठी) आणि क्लॅरिनेट क्विंटेट (पाच जणांसाठी), १८९४ मध्ये क्लॅरिनेट आणि पियानोसाठी दोन सोनाटा. शिवाय त्या सोनाटा व्हायोलावरही वाजवता याव्यात अशी सोय ब्राम्सने स्वतः करून ठेवली, आज जगातला कुठलाही व्हायोलावादक त्या वाजवल्याशिवाय पुढे जात नाही. एका माजी व्हायोलिनवाल्याच्या फुंकरीमुळे दोन वाद्यांना केवढा खजिना मिळाला.

व्हायोलाचा विषय निघालाच आहे तर. अमाडेउस क्वार्टेटमधले चारपैकी तिघे व्हायोलिन शिकलेले निर्वासित तरुण होते. क्वार्टेट म्हणजे चौघांचा गट, त्यात एक व्हायोला, एक चेलो आणि व्हायोलिनं दोनच असतात, मग पीटर शिडलोफने व्हायोला घेतला. आयुष्यभर. १९४८ पासून लंडनमधून हे चौघे जगभर वाजवत राहिले आणि १९८७ मध्ये शिडलोफ गेल्यावर उरलेल्या तिघांनी दुसरा व्हायोलावाला शोधलाच नाही, क्वार्टेट बंद केलं. जो माणूस 'पहिल्या खुर्चीवर' नव्हता त्याच्या जागी कोणी बसूच शकत नव्हतं असा याचा अर्थ मी घेते.

चेंबर म्युझिकमध्ये नेमकं अवघड काय असतं तेही सांगते, कारण लेखात त्याबद्दल एक ओळ नव्हती. कंडक्टर नसतो. वेग, श्वास, कुठे थांबायचं, सगळं आपापसात ठरतं, बऱ्याचदा वाजवता वाजवता. आणि सूर! चेलोची सगळ्यात खालची तार सी, व्हायोलिनची सगळ्यात वरची ई. आता सी-जी-डी-ए-ई असे शुद्ध पंचम लावत गेलं तर शेवटची ई त्या खालच्या सीशी शुद्ध गांधार म्हणून जुळतच नाही, साधारण २२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढी निघते, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाचव्या भागाइतकी. हा कोणाचा दोष नाही, गणितच तसं आहे. त्यामुळे बरीच क्वार्टेट्स पंचम जरासे आवळून लावतात, आणि तरीही प्रत्येक कॉर्डला प्रत्येकाला बोट केसभर सरकवावं लागतं, आत्ता माझा स्वर पाया आहे की गांधार आहे हे ओळखून. परत पियानो आला की सगळा हिशोब बदलतो कारण पियानोचे स्वर बांधलेले. सोमवारी क्वार्टेट आणि मंगळवारी पियानो ट्रायो वाजवणारा चेलोवादक एका रात्रीत कान बदलून येतो.

आणि अनेक वाद्यं हाताळणं हे तर आता रचनांमध्येच लिहिलेलं असतं. संगीतकार शोनबर्गने १९१२ मध्ये 'पिएरो ल्युनेर' लिहिलं, गायिकेबरोबर वादक पाच आणि वाद्यं आठ. बासरीवाल्याने पिकोलो म्हणजे छोटी बासरी घ्यायची, क्लॅरिनेटवाल्याने बास क्लॅरिनेट, व्हायोलिनवाल्याने व्हायोला. नंतर कितीतरी संगीतकारांनी याच जुळणीसाठी लिहिलंय. एकच वाद्य कवटाळून बसलेल्या माणसाला तिथे जागाच नाही.

आता पैशाचं. लेखात म्हटलंय की या लोकांना स्थैर्य नसतं, ते खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. सोलोइस्टला एक फी मिळते, क्वार्टेटला मिळालेली फी चौघांत वाटली जाते, चेलोला विमानात वेगळं तिकीट काढावं लागतं, रिहर्सलचे तास कोणी मोजत नाही, मनगट दुखावलं की पुढचे महिने कोरडे. म्हणून शिकवणं, रेकॉर्डिंग, दुसऱ्या ऑर्केस्ट्रात बदली म्हणून जाणं, हे सगळं पोटासाठीही असतं. पण पोटासाठी आहे म्हणजे कमी दर्जाचं आहे हे कुठून आलं? बो आर्ट्स ट्रायोचे पियानिस्ट मेनाहेम प्रेसलर बघा. नाझींच्या काळात जर्मनीतून कुटुंबासह निसटलेला मुलगा, १९५५ मध्ये ट्रायो सुरू केला आणि त्याच वर्षी इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकवायलाही लागले. ट्रायो २००८ पर्यंत चालला, व्हायोलिन आणि चेलोवरची माणसं बदलत गेली, पियानोवर ५३ वर्षं तेच. शिकवणं त्यानंतरही सुरूच राहिलं. आणि बर्लिन फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध ऑर्केस्ट्राबरोबर ते पहिल्यांदा वाजले ते २०१४ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी. लेखातल्या शिडीवर हा माणूस उलटा चढला म्हणायचं का? मला तर वाटतं त्या ५३ वर्षांत दुसऱ्याचं ऐकण्याची जी सवय लागली तीच घेऊन ते तिथे बसले.

युनिव्हर्सिटीने क्वार्टेटला आश्रय देण्याची पद्धतही अशीच एका संकटातून आली. मे १९४० मध्ये बेल्जियमचं प्रो आर्ते क्वार्टेट अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये कार्यक्रम करत असताना जर्मनीने बेल्जियमवर हल्ला केला, घरी परतायची वाटच बंद. तिथल्या युनिव्हर्सिटीने त्यांना ठेवून घेतलं, वाजवा आणि शिकवा. आज अनेक क्वार्टेट्स याच पद्धतीवर उभी आहेत.

एक गोष्ट मात्र लेखकाबरोबर मान्य, या क्षेत्रात नाव होत नाही. पण यात दोष वादकांचा नाही, आपल्या नजरेचा आहे. रेबेका क्लार्क व्हायोला वाजवून पोट भरायच्या, ऑर्केस्ट्रात, चेंबर ग्रुप्समध्ये, आणि संगीतही रचायच्या. १९१९ मध्ये अमेरिकेत एका स्पर्धेत त्यांचा व्हायोला सोनाटा अर्नेस्ट ब्लॉखच्या रचनेबरोबर बरोबरीत आला, तर हे नाव खरं नसणारच, कोणा पुरुषाचं टोपणनाव असेल अशी चर्चा झाली. निर्णय शेवटी ब्लॉखच्या बाजूने गेला. आज तो सोनाटा व्हायोलावाल्यांच्या नेहमीच्या वाजवण्यातला आहे.

वाद्य शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही सांगायचंय. मुलगी रोज तासन् तास एकच कॉन्चर्टो (सोलोइस्ट आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) घासतेय आणि दुसऱ्याबरोबर कधी वाजवलंच नाही, असं असेल तर लवकरात लवकर अजून दोघं-तिघं शोधून एकत्र बसवा. आठ मात्रा गप्प राहून नवव्या मात्रेला बरोबर आत येणं हे एकट्याने खोलीत बसून येत नाही, मी कित्येक चांगल्या हाताच्या मुलांना तिथे अडखळताना बघितलंय.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. त्या लेखाबरोबर छापलेल्या फोटोत चार माणसं होती आणि खाली नाव एकाचंच, पहिल्या व्हायोलिनचं, पुढे 'व सहकारी'. आणखी एका बातमीत पियानिस्टला 'साथीला' म्हणून उरकलं होतं, नावाशिवाय, आणि कार्यक्रम होता बीथोवनच्या चेलो सोनाटांचा, ज्या बीथोवनने पियानो आणि चेलो दोघांसाठी बरोबरीने लिहिल्यात. पुढच्या वेळी फोटोखाली चौघांची नावं छापा, डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येकाच्या नावापुढे वाद्य. व्हायोलावाला बहुतेक वेळा उजव्या टोकाला किंवा त्याच्या शेजारी बसलेला असतो, व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य त्याच्या हातात दिसेल.

आपली,
एक नियमित वाचक