मशेरीला तंबाखूच म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावात (तालुका देवगड) नुकतंच शाळेच्या पडवीत आरोग्य शिबिर झालं. तोंडाची तपासणीही होती. फॉर्म भरायला माणसं कमी पडली म्हणून मला बसवलं. नाक्यावर माझं किराणा दुकान, त्यामुळे वाडीवाडीतली नावं पाठ. ‘तंबाखू खाता का?’ या रकान्यापुढे एकेक बाई ‘नाही’ सांगत होती. खोटं बोलत नव्हत्या. पण त्यांतल्या बऱ्याच जणी माझ्याच दुकानातून तंबाखूची पुडी नेतात, तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात आणि चुरून मशेरी करतात. मासे विकणाऱ्या एका मावशींना मी हळूच छेडलं, तर म्हणाल्या, “तंबाखू खंय खातंय मी? मशेरी लावतंय.”

सकाळी दात घासायला म्हणून लावायची. मग बाजारातून आल्यावर, जेवल्यावर, निजताना. दाढ ठणकली की आधी मशेरी, मग लवंग, मग माझ्याकडची दुखण्याची गोळी आणि दात हलायला लागला की डॉक्टर. तोवर हिरडी उतरून मुळं उघडी पडलेली असतात. हिरडीतून रक्त आलं की ब्रश बंद करायचा, ही आणखी एक रीत. त्यानेच दातांवरचा थर साचून कीटण होतं आणि ते ब्रशने निघत नाही. दवाखान्यात काढून घ्या म्हटलं तर ‘त्याने दात ढिले होतात’! दात आधीच सैल झालेले असतात, कीटण गेल्यावर ते कळतं इतकंच.

पोरांचीही तीच गत. चहात बुडवलेली बिस्किटं, दिवसभर गोळ्या (त्याही माझ्याच बरणीतल्या). किडला तर किडला, दुधाचा दात आहे, पडेल, असं आईबाप म्हणतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागे जी दाढ येते, ती मात्र कायमची असते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. ती एकदा गेली की गेली. शाळेत तपासायला येणारं पथक चिठ्ठी देतं, पण आम्हाला जवळच्या सरकारी दवाखान्यात दात काढून मिळतो, भरून मिळत नाही. खासगीत जायचं तर एका दाढेला आठवड्याची मजुरी जाते, शिवाय तो दिवस बुडतो.

गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते ते सोडा, निदान गुटखा वाईट हे पोरंसोरंही जाणतात. मशेरी मात्र मंजनात मोजली जाते. गरोदर सुनेलाही सासूच्याच डबीतली मिळते आणि पोटातल्या बाळाच्या वजनावर त्याचा परिणाम होतो, हे तिला कोणी सांगत नाही. मी विकतो, हा दोष माझाही आहे. मी बंद केली तर पुढच्या नाक्यावर मिळेल, ही सबब मी स्वतःलाच देत आलोय.

आरोग्य खात्याला विनंती एवढीच, की फॉर्मवर ‘मशेरी लावता का?’ असा वेगळा प्रश्न छापा, आशाताईंनाही तोच शब्द वापरायला सांगा. आणि महिन्यातून एकदा तरी दात भरणारा डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवा.

त्या मावशींच्या गालात आतून पांढरा चट्टा निघाला. मोठ्या दवाखान्यात दाखवा, म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागद दिला. घरी हरवेल म्हणून मावशींनी तो माझ्या गल्ल्यात ठेवलाय. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की जाते म्हणाल्या.

— एक दुकानदार, देवगड तालुका