चाचणीकक्षातल्या लेकीस

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

नव्या विमानाच्या आराखड्याऐवजी तुला थकवा-चाचणीच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण देऊन भाग कधी फाटतो ते पाहण्याच्या, कामावर नेमलं, म्हणून तू हिरमुसली आहेस. मला मात्र आनंद झाला. का, ते सांगते.

कॉमेट तुला ठाऊक आहेच. 1952 मध्ये सेवेत आलेलं पहिलं जेट प्रवासी विमान. 1954 च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट हवेतच फुटून भूमध्य समुद्रात कोसळली. मग इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान-संशोधकांनी एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवलं. आत पाणी दाबून भरायचं, दाब सोडायचा, पुन्हा भरायचं. प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबाने केबिन अशीच ताणली जाते. हवा वापरली असती तर भेग पडताच स्फोट होऊन पुरावाच गेला असता. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून भेगेचा उगम शोधता येतो. या युक्तीला मी आजही मनोमन हात जोडते. 3,057 उड्डाणांइतका ताण सोसून ते कवच फाटलं. त्यातली 1,221 खरी उड्डाणं होती.

पण खरी मेख पुढेच आहे. कॉमेटच्या केबिनची थकवा-चाचणी आधीही झाली होती आणि तिचा निकाल उत्तम होता! झालं असं, की त्याच नमुन्यावर ताकद तपासायला आधी नेहमीच्या दुप्पट दाब दिला होता. त्यामुळे जिथे ताण एकवटतो, त्या खिडक्यांच्या कोपऱ्यांपाशी धातू किंचित कायमचा ताणला गेला. दाब उतरल्यावर आजूबाजूच्या धातूने त्याला आवळून धरलं, आणि भेगा पडायला उशीर लागला. नमुना प्रवासी विमानांपेक्षा टिकाऊ होऊन बसला होता. आकडे खरे होते, पण ते दुसऱ्याच वस्तूचे होते.

म्हणून नमुना हाती आला की आधी त्याचा पूर्वेतिहास विचार: कोणी, कधी, किती ताण दिला होता? आता तर कार्बन तंतूंचे भाग आलेत. त्यांचे थर आतल्या आत सुटतात आणि वरचा रंग शाबूत राहतो. तिथे अजून कितीतरी शोधायचं आहे, आणि ते तुझ्यासारख्या चिवट मुलीचं काम आहे.

तुमच्याकडे थर ध्वनिलहरींनी तपासतात का, ते कळव. आणि नमुन्यांची नोंदवही कोणाकडे असते? जमलं तर ती तू मागून घे.

तुझी,
आई