विचारांची चर्चा पक्षाला नको कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भाजपच्या वाटचालीवरचा कालच्या अंकातला लेख वाचला आणि संताप आला. निवडणुका जिंकणाऱ्या पक्षाने आपली विचारसरणी कोणती हे उगाळत बसू नये, असे लेखकमहाशयांचे म्हणणे. वर हा पक्ष जन्मापासून एकाच विचारावर ठाम आहे, असेही ठोकून दिले आहे. ते त्या वेळी कुठे होते ठाऊक नाही. मी होतो.

डिसेंबर १९८० मध्ये वांद्रे रेक्लमेशनवर पक्षाचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि भोजनव्यवस्थेत स्वयंसेवक होतो. पक्षाने तेव्हा स्वीकारलेल्या गांधीवादी समाजवादावरून पंगतीतसुद्धा वाद चालले होते. भाजपच्या आधीच्या जनसंघाची जुनी मंडळी जेवता जेवता विचारत, हेच करायचे तर काँग्रेस काय वाईट होती? विजयाराजे शिंदे यांचा विरोध तर जाहीर होता. त्यांना कोणी पक्षद्रोही ठरवले नाही. माझ्या वडिलांनी १९६५ साली जनसंघाचे नेते दीनदयाळजी उपाध्याय यांची, जनसंघाची विचारसरणी ठरलेल्या एकात्म मानवदर्शनावरची व्याख्याने मुंबईतच ऐकलेली. अटलजींवर त्यांचा भारी जीव. अधिवेशनातल्या त्यांच्या 'अंधेरा छटेगा' या भाषणाला उभे राहून टाळ्या वाजवल्या आणि परतीच्या लोकलमध्ये पार्ल्यापर्यंत त्याच अटलजींच्या समाजवादावर तावातावाने बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला हजर!

१९८४ मध्ये लोकसभेत दोनच जागा आल्या. पक्षाने फेरविचार केला आणि १९८५ मध्ये एकात्म मानवदर्शन पुन्हा पायाभूत विचार म्हणून आणले. १९८९ मध्ये पालमपूरला राममंदिराचा ठराव झाला. पटो न पटो, ठराव समोर असायचा. आपण सतरंज्या कशासाठी उचलतो, हे कार्यकर्त्याला सांगता यायचे.

२०१९ चा पहाटेचा शपथविधी कुठल्या ठरावाने झाला? सिंचन घोटाळ्याच्या आरोपांवरून २०१४ मध्ये आम्ही ज्या अजित पवारांविरुद्ध दारोदार मते मागितली, त्यांच्याच शेजारी उभे राहून शपथ! २०२३ मध्ये पुन्हा तेच. त्यानंतरच्या लोकसभेत देशात ३०३ चे २४० झाले, महाराष्ट्रात २३ चे ९. हे आकडे लेखात नाहीत. पुढे विधानसभेत १३२ आल्या, याचा मला आनंदच झाला. पण म्हणून आमचा प्रश्न संपला असे कोणी सांगू नये. बाहेरून आलेल्यांना तिकिटे द्यायची असतील तर ते कोणत्या विचारासाठी आले, हे आधी कार्यकर्त्यांपुढे मांडा. एवढे मागायचा हक्क आम्हाला आहे.

जाता जाता एक. अंकाची पहिली दोन-दोन पाने जाहिरातींना जातात, बातमी शोधावी लागते आणि वाचकांच्या पत्रांना उरतो एक कोपरा. जागेअभावी हे पत्र कापायचे झालेच, तर वांद्र्याचा मजकूर कृपया कापू नये.

आपला,
एक जुना वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई