टॅक्स भरला म्हणजे घर आपल्या मालकीचे होत नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फ्लॅट घेताना काय पाहावे, महारेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचा, नंबर कसा तपासावा, गृहकर्जाचा हप्ता किती बसेल, यावर वर्तमानपत्रांत नेमाने लेख येतात. ते उपयोगाचे आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वी तालुक्यात कापसाचे पैसे हाती आले की दिवाळीपासून अक्षय तृतीयेपर्यंत घरांचे जे सौदे होतात, त्यांत ना बिल्डर असतो ना महारेरा. मातीच्या भिंतींचे जुने घर असते, मागे सांदवाडी, म्हणजे परसातली मोकळी जागा असते आणि कागद म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ व घरटॅक्सची पावती. मी तालुक्यात विधी स्वयंसेविका आहे. मी वकील नाही. अडलेल्या माणसाला योग्य दारापर्यंत नेऊन सोडणे एवढे माझे काम. त्या कामात घरांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, ते आपल्या वाचकांसमोर यावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे.

"घर माह्याच नावावर हाय, टॅक्स मीच भरतो," असे म्हणत माणूस नमुना ८ चा उतारा पुढे करतो. हा उतारा ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीचा. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची हे कळावे म्हणून ती वही ठेवलेली असते. तिच्यात नाव चढले म्हणजे कर भरण्याची जबाबदारी आली, मालकी आली नाही. शेताच्या फेरफाराबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने वारंवार हेच सांगितले आहे की नोंदीमुळे मालकी हक्क तयार होत नाही आणि नोंद नसल्याने तो जातही नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. म्हणजे रजिस्ट्री लागतेच, मग घर कुडाचे असो की स्लॅबचे.

प्रत्यक्षात काय होते? शंभराच्या, आता पाचशेच्या, स्टॅम्पपेपरवर अर्जनवीस मजकूर लिहून देतो, दोन पंच सह्या करतात, फार तर नोटरीचा शिक्का बसतो. तो कागद ग्रामपंचायतीत दिला की नमुना ८ वर नाव बदलून मिळते. सगळ्यांना वाटते, व्यवहार झाला. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे तिथे कोणी सांगत नाही. मुखत्यारपत्र करून घर 'विकण्याची' पद्धतही काही ठिकाणी आहे. अशा कागदांनी मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

याचा फटका वीस-पंचवीस वर्षांनी बसतो, म्हणून तो दिसत नाही. एका कुटुंबाचे प्रकरण मी जवळून पाहिले. वडिलांनी शेजाऱ्याकडून स्टॅम्पवर घर घेतले, पैसे पूर्ण दिले, टॅक्सही कधी थकवला नाही. मुलाला ते पाडून पक्के बांधायचे होते. बँकेने खरेदीखत मागितले. ते नव्हतेच. विकणारा वारलेला, त्याची मुले नागपूर, सुरतेकडे पांगलेली. एकाने आजच्या भावाने पैसे मागितले. शेवटी भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी बैठक घेतली, काही जादा रक्कम ठरली आणि सर्व वारसांनी मिळून खरेदीखत करून दिले. हे जमले, कारण माणसे ऐकणारी होती. सगळीकडे तशी नसतात.

ज्यांच्याकडे असा जुना स्टॅम्पचा कागद आहे त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की विकणारा किंवा त्याचे वारस हयात आणि राजी आहेत तोवर नवीन खरेदीखत करून घ्या. तो जुना कागद आता नोंदवता येत नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत आणि दंड भरून आणखी चार महिन्यांत दस्त नोंदवावा लागतो. मुद्रांक शुल्क आजच्या दराने भरावे लागेल, ते अंगावर येते हे खरे. पण वारस वाढत गेले की खर्च त्याहून मोठा होतो. "बारा वर्षे राहिलो म्हणजे घर आमचे" या भरवशावर तर कोणीच राहू नये. मालकाच्या परवानगीने राहिलेला माणूस कितीही वर्षे राहिला तरी त्याला तो दावा सांगता येत नाही, आणि इतरांनाही तो कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावा लागतो.

आता कोणी विचारेल, विकणाऱ्याकडेच कागद नसेल तर? आमच्याकडे हा प्रश्न खराच अवघड आहे आणि त्याला इतिहास आहे. वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा हा मालगुजारीचा मुलूख, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा मालगुजारच गावचा मालक. आबादीत, म्हणजे गावठाणात, कोणी कुठे घर बांधायचे ते मालगुजाराच्या शब्दावर ठरायचे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, घरे राहिली, कागद मात्र पुष्कळांच्या हाती कधी आलाच नाही. शेताला सातबारा आहे, पण आबादीतल्या घराला तसे काही नव्हते. म्हणून २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेली स्वामित्व योजना मला फार मोलाची वाटते. घरांच्या हद्दीवर चुना टाकून, ड्रोनने मोजणी करून, चौकशीनंतर मिळकत पत्रिका, म्हणजे घराच्या जागेचा सरकारी उतारा, तयार होते आणि सनद मिळते. बँक कर्ज देताना हा कागद विचारात घेते.

पण इथेही डोळे उघडे ठेवायला हवेत. चौकशीच्या वेळी जो घरी हजर असेल त्याचे, बहुधा थोरल्या भावाचे, नाव लागते. धाकटा कामाला पुण्याला असतो, बहीण सासरी असते, विधवा वहिनीला कोणी विचारत नाही. शिवाय ही नोंद नमुना ८ वरून पुढे आलेली असेल, तर जुनी चूक नव्या कागदावर उतरते. आपल्या गावाची मिळकत पत्रिका तयार झाली असेल तर ती एकदा काढून नावे, हद्द आणि क्षेत्र वाचा. चूक असेल तर तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात वेळेत हरकत द्या. नुसत्या तोंडी तक्रारीने काही होत नाही. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

बहिणींचा विषय आला की आवाज चढतात. "तिच्या लग्नात खर्च केला, तिला कशाला विचारायचं?" हे आजही ऐकू येते. कायदा मात्र याबाबत स्वच्छ आहे. हिंदू कुटुंबात वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगी १९५६ पासून मुलाच्या बरोबरीची वारस आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत तिला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने दिला आणि देशभर तो २००५ च्या दुरुस्तीने आला. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सांगितले. त्यामुळे घर घेणाऱ्याने फक्त भावांच्या सह्यांवर कधीच थांबू नये. आई, बहिणी, वारलेल्या भावाची बायको आणि मुले, सगळे दस्तात यायला हवेत. बहिणीला खरोखर हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टर करावे लागते. कोऱ्या कागदावरची संमती चालत नाही. आणि ती सोडतेय ते मनापासून की माहेर तुटेल या भीतीने, हे घरच्यांनी तिला एकदा तरी विचारावे. वारसांत अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे, मूल असेल तर त्याचा हिस्सा विकायला आईवडिलांनाही कोर्टाची परवानगी लागते. ती न घेतल्यास ते मूल सज्ञान झाल्यावर विक्री रद्द करून मागू शकते.

इसाराबद्दल, म्हणजे सौदा ठरताना दिलेल्या आगाऊ रकमेबद्दल, थोडक्यात. इसार वीस हजार किंवा त्याहून अधिक असेल तर रोख घेणे आयकर कायद्याला मान्य नाही. दोघांचेही उत्पन्न निव्वळ शेतीचे आणि करपात्र नसलेले असेल तर सूट आहे. तरीही पैसे बँकेतूनच द्या, पुरावा राहतो. सौदाचिठ्ठीत खरेदीची तारीख लिहा. विकणारा फिरला तर त्या तारखेपासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. इसार देऊन ताबा घेतला असेल तर तो करारनामाही नोंदणीकृत हवा, नाहीतर ताब्याला कायद्याचे संरक्षण मिळत नाही. पूर्वीचे व्यवहार पाहायला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, अधिक जुने दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात शोधून मिळतात. गावाबाहेरच्या शेतातला प्लॉट घेत असाल तर अकृषक, म्हणजे शेतीशिवाय इतर, वापराचा कागद मागा आणि सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ लिहिले आहे का ते बघा; तसे असल्यास परवानगीशिवाय विक्री होत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगर-आदिवासीला ती जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय घेताच येत नाही.

गहाणाचे दोन प्रकार आमच्याकडे चालतात आणि दोन्हींत माणूस फसतो. पहिला सावकाराचा. कर्ज देताना तो गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत लिहून घेतो. "पैसे फेडले की परत लिहून देतो," हे नुसते तोंडी असते. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर कायदा त्याला गहाण मानत नाही, त्यामुळे कोर्टात कर्जदाराची बाजू लंगडी पडते. तरीही मार्ग बंद नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात विनापरवाना सावकाराने कर्जापोटी लिहून घेतलेल्या मालमत्तेची चौकशी करून ती परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांना आहे. अनेकांना हे ठाऊकच नसते.

दुसरा बँकेचा. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे द्यायचे याची पद्धतही बँकेने ठरवून जाहीर करायची आहे. पतसंस्थेला मात्र हा नियम लागत नाही, ती सहकार खात्याखाली येते. म्हणून तिथे कागद ठेवताना पोच घ्या. व्याज कमी म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचे असेल तर फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर जुनी बँक मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाही. मात्र नव्या बँकेची प्रक्रिया फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन आणि नव्या गहाणाचे मुद्रांक शुल्क धरून हिशेब करा. कर्जाचे थोडेच हप्ते उरले असतील तर बहुधा ते परवडत नाही. आणि कर्ज फिटल्यावर बोजा, म्हणजे मिळकतीवरची कर्जाची नोंद, उतरवून घ्यायला विसरू नका, घर विकताना तोच आडवा येतो.

संपादक महोदय, या साऱ्यात ग्रामपंचायतींकडे माझी एक मागणी आहे, ती आपण उचलून धरावी. नमुना ८ च्या प्रत्येक उताऱ्यावर ठळक अक्षरांत छापले जावे: ही नोंद केवळ कर आकारणीसाठी आहे, मालकीचा पुरावा नाही. हेच वाक्य २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत वाचून दाखवले जावे. नोंदणी न झालेल्या कागदावर विक्रीची नावबदल नोंद घेणे थांबले, तर लोक आपोआप दुय्यम निबंधकाकडे जातील. आपल्याकडून एवढेच मागते की ग्रामीण घरांच्या या प्रश्नांवर तालुक्यातल्या वकिलांकडून पंधरवड्याला एक सदर लिहून घ्यावे.

वकील करण्याची ऐपत नसलेल्यांनी तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती अशा काही गटांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्जासोबत आधार कार्ड, नमुना ८, असेल तो स्टॅम्पचा कागद आणि सगळ्या वारसांची नावे लिहून आणावीत.

आपली,
एक विधी स्वयंसेविका
ता. आर्वी, जि. वर्धा