एकरभर जागेआधी पाणी पाहा

संपादक महोदय,

नोकरीनिमित्त अमेरिकेत ह्युस्टनला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी शहराबाहेर एकर-दोन एकराच्या जागेत घर घ्यावे, असे सुचवणारा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. किमती, शाळा, मोकळी हवा या सगळ्याचा त्यात उल्लेख होता, पाण्याचा मात्र नव्हता. वॉलर, हॉकली, ब्रुकशायर, नीडव्हिल या बाजूला राहायचे म्हणजे आपली नगरपालिका आपणच चालवायची. नळ, गटार, पूर आणि भिंतीतला ओलावा, सगळे घरमालकाच्या गळ्यात. लेखात राहून गेलेल्या काही गोष्टी म्हणून कळवत आहे.

मुंबई-कोकणातल्या माणसाला दमट हवेचे काय नवल, असे वाटेल. पण आपल्याकडे खिडक्या उघड्या, पंखे चालू आणि भिंतीही बाहेरच्याच तापमानाच्या असतात. ह्युस्टनचे घर बंद डब्यासारखे असते आणि आत २३ अंश ठेवलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होते तो) बरेचदा २४-२५ अंशांवर असतो. अशा वेळी ‘रात्रीची गार हवा येऊ दे’ म्हणून खिडक्या उघडल्या, तर ती वाफ थंड भिंतींवर, कपाटांच्या मागे आणि कपड्यांत पाणी होऊन बसते. मग बुरशी येते. त्यामुळे तिथे उन्हाळ्यात खिडकी बंदच ठेवायची.

दुसरी चूक मोठ्या एसीची. साडेतीन टन पुरेल तिथे पाच टन बसवला, तर घर आठ-दहा मिनिटांत थंड होते आणि यंत्र थांबते. हवेतली वाफ कॉइलवर जमून निचरा व्हायला सलग जास्त वेळ लागतो, तो मिळतच नाही. घर गार पण चिकट राहते. यंत्र बदलताना ठेकेदाराकडे घराला किती क्षमतेचा एसी लागेल याचा ‘मॅन्युअल जे’ पद्धतीचा हिशेब मागावा, नुसत्या चौरस फुटांवरून ठोकलेला अंदाज घेऊ नये. थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’वर ठेवावा. ‘ऑन’वर ठेवला, तर कॉम्प्रेसर थांबल्यावर ओल्या कॉइलवरचे पाणी तोच पंखा पुन्हा घरात पसरवतो. दहा-पंधरा डॉलरचा आर्द्रतामापक लावावा. आकडा ५० टक्क्यांच्या आसपास चांगला, सतत ६०च्या वर गेला तर कारण शोधावे. एसीचे आतले यंत्र बहुधा माळ्यावर असते. त्याच्या निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबते आणि पाणी छतातून खाली येते. म्हणून खाली दुसरा ट्रे आणि त्यात यंत्र बंद करणारा फ्लोट स्विच आहे का, हे घर पाहतानाच बघावे. नळीत महिन्या-दोन महिन्यांनी कपभर व्हिनेगर ओतावे. आपल्या फोडणीसाठी आणखी एक पाहणे : ओट्यावरचा पंखा वाफ बाहेर सोडतो की गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो? दुसरा प्रकार तिथे सर्रास असतो.

आता पूर. ह्युस्टनला वर्षाला साधारण १,२५० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईपेक्षा बराच कमी. पण जमीन सपाट आणि माती चिकण, त्यामुळे पडलेले पाणी लवकर हलत नाही. ऑगस्ट २०१७ च्या हार्वे वादळात हॅरिस काउंटीच्या, म्हणजे ह्युस्टनच्या जिल्ह्याच्या, काही भागांत चार दिवसांत हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि पाणी शिरलेल्या घरांपैकी पुष्कळशी पूरक्षेत्राच्या अधिकृत नकाशाबाहेर होती. शहराच्या पश्चिमेला १९४० च्या दशकात बांधलेली अॅडिक्स आणि बार्कर ही दोन पूरनियंत्रण धरणे आहेत. एरवी त्यांचा तलाव कोरडा असतो. तो पूर्ण भरला तर जेवढी जमीन पाण्याखाली जाईल, तेवढी सरकारने ताब्यात घेतलीच नव्हती. उरलेल्या भागात वसाहती उभ्या राहिल्या आणि २०१७ मध्ये त्यांत पाणी भरले. त्यातल्या अनेकांना आपण धरणाच्या पोटात राहतो, हे तोवर ठाऊक नव्हते. २०१९ पासून टेक्सासमध्ये विक्रेत्याने आधीचा पूर आणि जलाशयाच्या बुडीत क्षेत्राची माहिती लेखी देणे बंधनकारक आहे. तो कागद नीट वाचावा.

नकाशात ‘एई’ क्षेत्र म्हणजे दरवर्षी पुराची किमान एक टक्का शक्यता. ऐकायला किरकोळ वाटते, पण तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती २६ टक्के होते. त्याहून कमी धोक्याचे ‘एक्स’ क्षेत्र असले तरी पूरविमा घ्यावा, कारण साध्या घरविम्यात पूर येत नाही. सरकारी योजनेत घरासाठी कमाल अडीच लाख आणि सामानासाठी एक लाख डॉलर मिळतात. एरवी पॉलिसी तीस दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरल्यावर धावपळ करून उपयोग नाही. फक्त घर घेताना कर्जासोबत काढली तर ही प्रतीक्षा नसते. शिवाय जोरदार पावसाच्या दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन रस्त्याकडेचा चर आणि फाटकाखालचा पाइप बघावा. घर कोरडे, पण तिथवरचा रस्ता तीन दिवस पाण्याखाली, असेही होते.

सांडपाण्याचे प्रकरण तर आपल्या घरांत हमखास बिघडते. चिकण मातीत पाणी मुरत नाही, म्हणून या भागात बहुधा ‘एरोबिक’ सेप्टिक असते : टाकीत हवा सोडणारा पंप, क्लोरीनची नळी आणि शुद्ध झालेले पाणी हिरवळीवर उडवणारे फवारे. क्षमता शयनगृहांवरून ठरते. तीन शयनगृहांच्या घराला, पाणी वाचवणारे नळ धरून, दिवसाला सुमारे २४० गॅलन, म्हणजे ९०० लिटर. भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी आले, त्यात पाहुणे, आणि सगळे कपडे शनिवारीच धुतले, की पाणी टाकीत पुरेसे न थांबता तसेच पुढे ढकलले जाते. तळणीचे तेल, तूप, उरलेली आमटी सिंकमध्ये जाता कामा नये. सिंकखालचे कचरा दळणारे यंत्र तर वापरूच नये. क्लोरीनच्या वड्या सांडपाण्यासाठीच्याच घ्याव्यात. स्वस्त म्हणून पोहण्याच्या तलावाच्या वड्या त्याच नळीत टाकल्या, तर दोन रसायनांच्या मिश्रणाने स्फोट होऊ शकतो. फवाऱ्यांच्या कक्षेत भेंडी-मेथीचा वाफा नियमानेच करता येत नाही. यंत्रणेची तपासणी साधारण दर चार महिन्यांनी होते. विक्रेत्याकडून आधीचे अहवाल मागून घ्यावेत.

पिण्याचे पाणी बोअरचे असेल, तर खासगी बोअरची तपासणी सरकार करत नाही. कोलिफॉर्म जिवाणू आणि नायट्रेटची चाचणी वर्षातून एकदा, आर्सेनिकची निदान खरेदीपूर्वी करावी. या पट्ट्यातल्या भूजलात काही ठिकाणी आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त सापडते. बोअर सेप्टिक टाकीपासून ५० आणि फवाऱ्यांपासून १०० फूट लांब हवी. पूर बोअरच्या तोंडावरून गेला असेल, तर क्लोरीनने निर्जंतुक करून पुन्हा चाचणी होईपर्यंत ते पाणी पिऊ नये.

वीज गेली की बोअरही बंद आणि सेप्टिकही बंद, हे शहरातून आलेल्याच्या लक्षात येत नाही. जुलै २०२४ च्या बेरिल वादळात ह्युस्टन परिसरात २२ लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवड्याहून जास्त. एक अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण दोन किलोवॉट घेतो, पण सुरू होताना त्याच्या तिप्पट. शिवाय तो बहुधा २४० व्होल्टचा असतो, त्यामुळे १२० व्होल्टचा छोटा जनरेटर कुचकामी ठरतो. जोडणी वीजतंत्र्याकडून ट्रान्सफर स्विच (घर बाहेरच्या विजेपासून तोडून जनरेटरवर घेणारा) लावूनच करावी आणि जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर चालवावा. गॅरेजमध्ये चालवल्याने विषारी वायूने माणसे दगावतात. तिथल्या लाल फायर अँट मुंग्यांना विजेच्या पेट्या फार प्रिय. पंपाच्या प्रेशर स्विचमध्ये शिरून त्या चिरडतात, संपर्क तुटतो आणि पंप सुरूच होत नाही. पंप जळाला असे ठरवण्याआधी झाकण उघडून बघावे. अर्थात, आधी मेन स्विच बंद करून.

कराबाबत एवढेच : शेतीच्या सवलतीतली जमीन तोडून घर बांधले, तर मागील तीन वर्षांच्या कराचा फरक भरावा लागतो. तो विक्रेता भरेल की आपण, हे करारात लिहून घ्यावे.

टेक्सासच्या करारात पैसे मोजून काही दिवसांचा ‘ऑप्शन’ कालावधी घेता येतो, आठवडा-दहा दिवसांचा बहुधा मिळतो. त्यात माघार घेतली तरी इसारा परत मिळतो. नेहमीच्या घरतपासणीत बोअर आणि सेप्टिक बहुतेक वेळा धरलेले नसतात. त्यांचे तपासनीस वेगळे बोलवावे लागतात आणि प्रयोगशाळेचा अहवाल यायला काही दिवस जातात. म्हणून पाण्याचा नमुना या मुदतीच्या पहिल्याच दिवशी द्यावा.

आपला,
एक वाचक, कॅटी, टेक्सास